शिपाई भत्त्यावर शाळा चालत नाही : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अनुदानित माध्यमिक शाळांतील चतुर्थ श्रेणीची (शिपाई, परिचर इत्यादी) पदे पूर्ववत करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यात एका अनुदानित माध्यमिक शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. आमच्या शाळेतील शेवटचे कायम शिपाई येत्या मेअखेरीस वयाची साठ वर्षे पूर्ण करून सेवानिवृत्त होत आहेत. निरोप समारंभाची वर्गणी गोळा झाली आहे, शाल-श्रीफळ कोणाच्या हस्ते द्यायचे हेही ठरले आहे. पण जूनमध्ये त्यांच्या जागी कोण येणार, याचे उत्तर मुख्याध्यापकांकडे नाही, संस्थेकडे नाही आणि शिक्षण विभागाकडेही नाही. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानुसार ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर ते पदही संपणार आहे आणि त्या पदाऐवजी शाळेला दरमहा पाच हजार रुपये 'शिपाई भत्ता' मिळणार आहे. हा निर्णय निघाला तेव्हा अनेक शाळांत कायम शिपाई कामावर होते, त्यामुळे त्याची झळ एकदम जाणवली नाही. आता एकेक शाळा रिकामी होत चालली आहे आणि म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

या प्रश्नाशी माझा संबंध केवळ सहकाऱ्याच्या निवृत्तीपुरता नाही. मी स्वतः शिपाई म्हणूनच नोकरीला लागलो. नोकरी करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली, पुढे एमएससीआयटी ही संगणकाची परीक्षा दिली आणि जागा निघाल्यावर पदोन्नतीने कनिष्ठ लिपिक झालो. आमच्या घरात सरकारी कागदावर सही करण्याचा अधिकार मिळालेला मी पहिलाच. त्यामुळे 'चतुर्थ श्रेणीची पदे व्यपगत', म्हणजे पद रिकामे झाले की कायमचे रद्द, हे शब्द मी जेव्हा परिपत्रकात वाचतो, तेव्हा कोणती वाट बंद होते आहे हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

प्रथम हिशेब. सदर निर्णयानुसार मुंबई आणि पुणे येथील शाळांना दरमहा 10,000 रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रातील शाळांना 7,500 रुपये आणि ग्रामीण भागातील शाळांना 5,000 रुपये भत्ता ठरला. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरले, तर ग्रामीण शाळेतील माणसाला दिवसाला 192 रुपये पडतात. हा निर्णय निघाला त्या वर्षी, म्हणजे 2020-21 मध्ये, राज्यातील रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला 238 रुपये होता आणि 2024-25 मध्ये तो 297 रुपये झाला. महानगरपालिका क्षेत्रातील 7,500 रुपयांचा हिशेब केला तरी दिवसाला 288 रुपयेच होतात. म्हणजे दुष्काळात हाताला काम मिळावे म्हणून ज्या राज्याने देशाला रोजगार हमीची कल्पना दिली, त्याच राज्यात शाळेची कुलपे ज्याच्या हाती द्यायची त्या माणसाची किंमत माती उपसणाऱ्या मजुराच्या खाली लावली गेली आहे. हा पैसा वेतन नसून भत्ता असल्यामुळे त्याला महागाई भत्त्याची जोड नाही, वार्षिक वेतनवाढ नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 या कायद्याने शाळेतील कर्मचाऱ्याला जे संरक्षण दिले, त्यात शिक्षकाबरोबर शिपाईही होता. त्याला भत्त्यावरचा माणूस करून टाकले की कायद्याला हात न लावता ते संरक्षण आपोआप गळून पडते.

ग्रामीण आणि शहरी या विभागणीबद्दलही एक सांगतो. कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीचा प्रश्न किती वर्षे लोंबकळत आहे हे आपणास ठाऊक असेल. त्यामुळे पाचगाव, कळंबा, उचगाव यांसारखी गावे शहराला लागून, शहराइतक्याच भाड्याची आणि महागाईची असूनही कागदोपत्री ग्रामीणच आहेत. हद्दीच्या अलीकडच्या शाळेत शिपायाला साडेसात हजार आणि पलीकडच्या शाळेत पाच हजार, असा प्रकार त्यातून होतो. आणि खरोखरच आडवळणाच्या असलेल्या गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतील शाळांचे काय? तिथे पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की मुले शाळेतच अडकतात आणि ती घरी पोहोचेपर्यंत थांबणारा माणूस बहुधा शिपाईच असतो. जिथे त्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच त्याचा भत्ता सर्वांत कमी ठेवण्यामागचे तर्कशास्त्र मला समजलेले नाही.

ज्यांनी हा निर्णय तयार केला, त्यांच्या डोळ्यांसमोर शिपाई म्हणजे घंटा देणारा आणि चहा आणणारा माणूस असावा, असे मला वाटते. म्हणून तो प्रत्यक्षात काय करतो ते थोडे सविस्तर मांडतो. आमची शाळा अकराला भरते. शिपाईमामा नऊ वाजता गेट उघडतात. पाण्याची मोटर सुरू करून टाकी भरणे, वर्ग उघडून झाडून घेणे, मुलामुलींच्या स्वच्छतागृहांत पाणी येते का पाहणे, रात्री आवारात कोणी बाटल्या फोडून गेले असेल तर मुले येण्याआधी काचा वेचणे, इतके झाल्यावर पहिली घंटा होते. त्यानंतर सूचनावही घेऊन वर्गावर्गांत फेरी, टपाल, बँक, पंचायत समिती, प्रयोगशाळेत साहित्य मांडणे, परिपाठाच्या वेळी चक्कर येऊन पडलेल्या मुलाला सावलीत आणून त्याने सकाळी काही खाल्ले होते का ते विचारणे. दहावी-बारावीच्या परीक्षेत बैठक क्रमांक टाकण्यापासून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिवण्यापर्यंतचे काम त्यांचेच. ज्या शाळेत मावशी, म्हणजे महिला शिपाई आहेत, तिथे आठवी-नववीतल्या मुलींना वर्गशिक्षकांना सांगता येत नाही ते मावशींना सांगता येते. त्यांच्या कपाटात सॅनिटरी पॅड ठेवलेले असतात, हे सगळ्या मुलींना माहीत असते आणि कोणत्याही सरकारी दप्तरात त्याची नोंद नसते.

मागच्या वर्षी आमच्या गेटवर एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले आणि सातवीतल्या एका मुलीला घरी न्यायचे आहे, तिची आजी आजारी आहे, असे म्हणाले. मुलगीही त्यांना ओळखत होती. तिचे आईवडील वेगळे राहतात आणि मुलीच्या ताब्यावरून वाद चालू आहे, हे शिपाईमामांना ठाऊक होते, कारण ते त्याच गावात राहतात. त्यांनी आवाज न चढवता, "आईचा फोन आल्याबिगर पोरगी सोडता येत न्हाई, पावणं. सावलीत बसा, पाणी देतो," एवढेच सांगितले आणि गेटाला कुलूप लावून कार्यालयात आले. आईला फोन लावला, तेव्हा आजी ठणठणीत असल्याचे कळले. आम्ही बाहेर येईपर्यंत ते गृहस्थ निघून गेले होते. हे काम कोणत्याही कर्तव्यसूचीत लिहिलेले नसते. गावाची, घरांची, मुलांची अनेक वर्षांची ओळख असलेला माणूसच ते करू शकतो, आणि पाच हजारांवर ठेवलेला माणूस इतकी वर्षे टिकत नाही. आमच्या शेजारच्या एका शाळेत भत्त्यावर नेमलेल्या तरुणाने औद्योगिक वसाहतीत दुप्पट पगार मिळताच काम सोडले. त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्यानंतर आलेल्याचे नावसुद्धा मुलांना नीट माहीत होण्याआधी तोही गेला.

ऑगस्ट 2024 मध्ये उघडकीस आलेली, बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराची घटना आपण विसरला नसाल. त्या प्रकरणातील आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता. त्या घटनेनंतर शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांसंबंधी तातडीने निर्णय काढला आणि आम्ही त्याचे अहवाल भरून पाठवले. प्रत्येक कायम कर्मचारी देवमाणूस असतो असा माझा दावा नाही. परंतु कायम कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक असते, त्याच्या नेमणुकीला शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता असते, त्याच्यावर चौकशीची आणि शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि गैरवर्तन केले तर आपली नोकरी व पेन्शन जाईल हे त्याला ठाऊक असते. एका हाताने मुलांच्या सुरक्षिततेचे आदेश काढायचे आणि दुसऱ्या हाताने दर चार-सहा महिन्यांनी बदलणारा अनोळखी माणूस त्याच मुलांच्या स्वच्छतागृहापर्यंत न्यायचा, या दोन धोरणांचा मेळ बसत नाही. ज्याची पोलीस पडताळणी येईपर्यंत तोच काम सोडून गेलेला असतो, त्याच्यासाठी ती पडताळणी करून उपयोग काय?

आता शाळेच्या दप्तराविषयी, म्हणजे जुन्या नोंदींविषयी बोलतो, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे आणि त्याबद्दल मंत्रालयात फारसे कोणाला ठाऊक नसावे. शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची नोंदवही, हा कायमस्वरूपी जपायचा दस्तऐवज आहे. आमच्याकडे 1950 च्या दशकापासूनची रजिस्टरे आहेत. जातीचा दाखला, जात पडताळणी, जन्मतारखेचा वाद, वारसा, पासपोर्ट, कशाकशासाठी लोक त्या नोंदीपाशी येऊन थांबतात. 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा 1967 पूर्वीची रजिस्टरे पाहून अहवाल द्या, असा आदेश शाळांनाही आला. आमच्या शाळेत तो अहवाल वेळेत गेला याचे कारण असे की, शिपाईमामांनी दर उन्हाळी सुट्टीत ती रजिस्टरे कपाटातून बाहेर काढून, ऊन दाखवून, कसर झटकून, डांबरगोळ्या घालून पुन्हा लाल फडक्यात बांधून ठेवली होती. कोणते वर्ष कोणत्या बासनात आहे हे मला यादी पाहून कळते, त्यांना न पाहता सांगता येते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आमच्या शाळेच्या आवारात शिरू लागले, तेव्हा रात्री टॉर्चच्या उजेडात ही सगळी बासने खालच्या मजल्यावरून प्रयोगशाळेच्या टेबलांवर नेऊन ठेवणारे तेच होते. त्यांच्या स्वतःच्या घरात तेव्हा गुडघाभर पाणी होते. पूर ओसरल्यावर वर्गांतला चिखल फावड्याने ओढून, भिंती धुऊन, बाकडी उन्हात मांडून शाळा पुन्हा उभी करण्याचे काम जिल्ह्यात अनेक ठिकाणी शिपायांनीच केले. 2021 मध्ये पुन्हा पूर आला आणि पुन्हा तेच घडले. पूरग्रस्तांच्या छावण्या आपण शाळांमध्ये उघडता, तेव्हा किल्ल्या कोणाकडून घेता? कोरोनाच्या काळातील विलगीकरण केंद्रांबाबतही हाच प्रश्न विचारता येईल. पुढच्या पुरात भत्त्यावरचा माणूस त्या रात्री येईल का, आणि त्याने का यावे?

पदे गेल्यावर काम नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर पडते. शिपाई नसलेल्या शाळांत तास सोडून घंटा द्यायला शिक्षक उठतात, स्वच्छतागृहात पाणी ओतायला मुलांना सांगितले जाते आणि मग त्याचीच ध्वनिचित्रफीत पसरून मुख्याध्यापकांना नोटीस जाते. लिपिकांची अवस्था तर अशी आहे की, 28 जानेवारी 2019 च्या आकृतिबंधाने (कोणत्या शाळेला शिक्षकेतर पदे किती हे ठरवणाऱ्या निर्णयाने) जी पदे मंजूर होतात तीही वेळेवर भरली जात नाहीत. दुसरीकडे शालार्थ प्रणालीतील वेतन देयके, यू-डायस प्लस व सरल या संकेतस्थळांवर माहिती भरणे, विद्यार्थ्यांची आधार पडताळणी, त्यांचे अपार ओळख क्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे दरवर्षी वाढत आहेत. आधारमधील नावात एका अक्षराची चूक असली तरी विद्यार्थी पडताळणीत अडकतो, संचमान्यतेत (पटावरून शाळेची पदे ठरवताना) पट कमी दिसतो आणि शिक्षक अतिरिक्त ठरण्याची पाळी येते. त्या धावपळीत टपाल घेऊन शिक्षण कार्यालयात जाणारा माणूसही आता मीच असेन. वेतनेतर अनुदानाबद्दल, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठी मिळणाऱ्या पैशाबद्दल, न बोललेलेच बरे. फिनेलची बाटली आणि खराटे आमच्याकडे कित्येकदा शिक्षकांच्या वर्गणीतून येतात. आमच्याच आवारात पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींच्या मानधनाचा प्रश्न तर इतका मोठा आहे की त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल.

या निर्णयाचा एक परिणाम आकडेवारीत कधीच दिसणार नाही. शिपायाची नोकरी ही गरीब घरातील, दहावी-बारावीवर शिक्षण थांबलेल्या तरुणासाठी सरकारी व्यवस्थेत शिरण्याची पहिली पायरी होती. त्यात मागासवर्गीयांसाठी आरक्षण होते, सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या मुलाला अनुकंपा तत्त्वावर सामावून घेण्याची सोय होती आणि माझ्यासारख्याला शिकून लिपिक होण्याची संधी होती. पदच उरले नाही तर आरक्षण कशावर लावायचे आणि अनुकंपेवर नेमायचे कुठे? ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, त्या भूमीत हा प्रश्न विचारावा लागतो. प्रत्येक भाषणाच्या आरंभी शाहू महाराजांचे नाव घेतले जाते, म्हणून ही आठवण करून दिली. एरवी गरज नव्हती.

राज्याच्या तिजोरीवरील वेतनाचा भार हे कारण आपल्याकडून सांगितले जाईल याची मला कल्पना आहे. तो भार खरा आहे हेही मी नाकारत नाही. परंतु बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करण्याचा सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय लोकांचा रोष पाहून शासनाने ऑक्टोबर 2023 मध्ये मागे घेतला. तेव्हाही तिजोरी हीच होती. पदवीधर तरुणांसाठी कंत्राटी भरती अयोग्य ठरते, तर शाळेच्या शिपायासाठी ती योग्य कशी? फरक एवढाच की पदवीधरांचे मोर्चे मोठे होते आणि आमचे कोल्हापूरच्या दसरा चौकातले धरणे संध्याकाळपर्यंत उठते, कारण दुसऱ्या दिवशी नऊ वाजता गेट उघडायचे असते.

आमच्या मागण्या अशा आहेत :

1. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयातील चतुर्थ श्रेणीची पदे व्यपगत करण्याची तरतूद रद्द करावी आणि निवृत्तीने रिक्त झालेली व होणारी पदे नियमित वेतनश्रेणीत भरण्यास मान्यता द्यावी. सर्व पदे एकाच वर्षी भरणे शक्य नसेल, तर टप्पे ठरवून ते जाहीर करावेत; मात्र पहिल्या टप्प्यात प्रत्येक शाळेला किमान एक कायम शिपाई आणि जिथे मुली शिकतात तिथे एक स्त्री परिचर मिळावी.

2. पदे भरली जाईपर्यंत भत्त्यावर काम करणाऱ्यांना किमान वेतनापेक्षा कमी रक्कम दिली जाऊ नये, ती दरमहा थेट त्यांच्या बँक खात्यात जमा व्हावी आणि ग्रामीण-शहरी हा भेद काढून टाकावा. त्यांच्यापैकी ज्यांनी सलग सेवा केली आहे, त्यांना नियमित भरतीत प्राधान्य मिळावे.

3. अनुकंपा तत्त्वावरील प्रलंबित प्रकरणे पद व्यपगत झाल्याचे कारण देऊन नाकारू नयेत.

4. पात्रता धारण करणाऱ्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची कनिष्ठ लिपिक पदावरील पदोन्नती आणि लिपिक, ग्रंथपाल व प्रयोगशाळा सहायक यांची मंजूर पण रिक्त पदे येत्या शैक्षणिक वर्षात भरावीत.

5. वेतनेतर अनुदान सध्याच्या किमतींना धरून सुधारावे, आणि ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे तर वर्षाच्या सुरुवातीला मिळावे.

जुन्या निवृत्तिवेतनाची आमची मागणी वेगळी चालू आहे आणि ती या पत्रात मुद्दाम घातलेली नाही, कारण इथे प्रश्न मुळात पद राहण्याचा आहे.

आमच्या शाळेतील पद 31 मे रोजी रिकामे होईल. त्याआधी या मागण्यांवर शासनाची भूमिका लेखी स्वरूपात कळावी, अशी विनंती आहे. उत्तर नकारार्थी असले तरी ते कारणांसह द्यावे, म्हणजे जूनच्या पालक सभेत मुख्याध्यापकांना पालकांसमोर ते वाचून दाखवता येईल. या पत्राच्या प्रती कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व विधानसभा सदस्यांना आणि पुणे विभागाच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांतील विधान परिषद सदस्यांना स्वतंत्रपणे पाठवत आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वरिष्ठ लिपिक
अनुदानित माध्यमिक शाळा, ता. करवीर, जि. कोल्हापूर